'ऐतिहासिक', 'दणदणीत', 'निसटता': मोठा विजय नक्की कशाला म्हणायचं?

कातरणवाला

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या कमिटीची निवडणूक झाली. सेक्रेटरी ३१ विरुद्ध २९ मतांनी आले आणि अर्ध्या तासात ग्रुपवर सोनेरी अक्षरांत फोटो: 'ऐतिहासिक विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन'. आधी हसलो, मग जरा ओशाळलो. हा शब्द एवढा स्वस्त करण्यात माझाही हात आहे.

मुंबईतल्या एका मराठी दैनिकात मी ३५ वर्षं डेस्कवर काढली. मथळे देणं हे माझं काम. विजयाच्या बातमीचे शब्द आमच्याकडे ठरलेले. फरक थोडा असला की 'निसटता', चांगला असला की 'दणदणीत', जागा एकाच कॉलमची असली की नुसताच 'विजय'. आणि पान सोडायची वेळ झालीय, डोकं चालत नाहीये, खालून फोरमन ओरडतोय, अशा वेळी 'ऐतिहासिक'. आमचे वृत्तसंपादक म्हणायचे, "अरे, इतिहास काय रोज रात्री साडेअकरालाच घडतो का?"

हल्ली जुनी कातरणं लावत बसलो की जाणवतं, आम्ही सगळे शब्द फरकावरून वाटले. आणि फरकासारखा फसवा साक्षीदार दुसरा नाही.

एकाच वकिलाचे दोन खटले घ्या. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारनं ताब्यात घेतल्या. बँकांचे एक भागधारक कूपर कोर्टात गेले, त्यांच्या बाजूनं नानी पालखीवाला उभे राहिले आणि १० फेब्रुवारी १९७० ला सुप्रीम कोर्टानं तो कायदा उडवला. १० न्यायाधीश बाजूनं, १ विरुद्ध. म्हणजे डावानं विजय! चारच दिवसांत नवा अध्यादेश आला. बँका होत्या तिथेच, सरकारकडे.

आता दुसरा. केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३. १३ न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, निकाल ७ विरुद्ध ६. एक न्यायाधीश पलीकडे असता तर सगळं उलटं. बरं, ज्या स्वामींच्या नावानं खटला, त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही, केरळचा जमीन कायदा टिकला. पण घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, हे त्या एका मतानं ठरलं. ते इतकं बोचलं की आणीबाणीत, नोव्हेंबर १९७५ मध्ये, फेरविचारासाठी पुन्हा १३ जणांचं खंडपीठ बसलं आणि दोन दिवसांत गुंडाळावं लागलं. ७-६ वाला निकाल आज ५० वर्षांनंतरही सरकारांच्या वाटेत उभा आहे.

तेव्हा माझी फूटपट्टी अशी: निकालाच्या दुसऱ्या दिवशीपासून हरलेल्याला आपली चाल बदलावी लागली का? लागली तर विजय मोठा, मग तो एका मताचा का असेना.

खेळातही हेच. १९७१, किंग्स्टन, वेस्ट इंडिजविरुद्ध. पहिला दिवस पावसात गेला, कसोटी चार दिवसांची झाली. सरदेसाईंच्या २१२ च्या जोरावर आपले ३८७, त्यांचे २१७. चार दिवसांच्या सामन्यात १५० ची आघाडी फॉलोऑनला पुरते, हा नियम वाडेकरांच्या ध्यानात होता. त्यांनी सोबर्सना पुन्हा बॅटिंग करायला सांगितलं. सामना अनिर्णितच राहिला. पण वेस्ट इंडिजला त्यांच्याच अंगणात फॉलोऑन देता येतो, हे दोन्ही ड्रेसिंगरूमना कळलं. पुढे पोर्ट ऑफ स्पेन जिंकलं, मालिका जिंकली, उन्हाळ्यात ओव्हल जिंकलं. माझ्या लेखी मोठा विजय किंग्स्टनचा, जो रेकॉर्डबुकात विजय म्हणून नोंदलेलाच नाही.

आणि राजकारणात १९५७. संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला लोळवलं, यशवंतराव स्वतः कऱ्हाडला जेमतेम आले. तरी द्वैभाषिकात, म्हणजे गुजरातसह असलेल्या तेव्हाच्या मुंबई राज्यात, सरकार काँग्रेसचंच बसलं. आकड्यांत समिती हरली. तीन वर्षांत मुंबईसह महाराष्ट्र झाला.

हाणा आता.

सावध वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एकच विनंती, कोणी पानिपत काढू नका. धागा पाचशेवर जाईल आणि मूळ मुद्दा बुराडी घाटावर राहील.

कांगा लीगवाला

काका, लेखणी छान आहे, पण साफ असहमत.

फॉलोऑनचा नियम आठवला हा मोठा विजय? मग पोर्ट ऑफ स्पेनला जे जिंकलो ते काय फराळ होता? गावसकरनं त्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या म्हणून तुम्हाला किंग्स्टन आठवतंय. मालिका हरलो असतो तर ती फॉलोऑनची गोष्ट आज वाडेकरांच्या घरच्यांनाच ठाऊक असती. मोठा विजय आधी 'विजय' असावा लागतो, एवढी साधी अट आहे माझी.

मे १९९१ ला मी वानखेडेवर होतो. रणजी फायनल, समोर कपिलचं हरियाणा. आम्हाला ३५५ हवे होते. तेंडुलकर ९६ वर गेला तेव्हा शेजारच्या माणसानं डबा बंद केला आणि म्हणाला, "संपलं." मग वेंगसरकर उभा राहिला. शेवटच्या जोडीनं चाळीसच्या वर जोडले. माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा प्रत्येक धावेला बोटाचं एक पेर दाबत होते, मोठ्यानं मोजायची त्यांची हिंमत नव्हती. कुरुविला रनआउट झाला तेव्हा आम्ही ३५२. दोन धावा. वेंगसरकर १३९ नाबाद आणि रडत होता. आजोबांचा अंगठा पेरावर तसाच.

तुमच्या फूटपट्टीनं बघा. हरलेल्या मुंबईनं काय बदललं? काही नाही. पुढच्या वर्षीही तीच खडूस मुंबई. हरियाणानं त्यानंतर रणजी जिंकलेलीच नाही. म्हणजे तो विजय छोटा? जा हरियाणात आणि सांगा. माझ्याकडून विचाराल तर मुंबईविरुद्ध मुंबईत कोणी मिळवलेला तो सगळ्यात मोठा विजय, आणि फरक दोन धावांचा. त्या दोन धावांपलीकडे कुठलंही तत्त्वज्ञान नको.

नागपूरकर ठाण्यात

लीगवाले भाऊ, 'आधी विजय असावा लागतो' म्हणता, तर आमच्या विदर्भाचं काय करायचं ते सांगा. २०२५ ची रणजी फायनल, नागपूर, केरळविरुद्ध. स्कोअरकार्डवर ठसठशीत 'सामना अनिर्णित', आणि ट्रॉफी आमच्याकडे, पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर.

आणि केरळ फायनलला आलं कसं? क्वार्टर फायनलला जम्मू-काश्मीरवर १ धावेची आघाडी. सेमीफायनलला त्यांचे ४५७, गुजरातचे ४५५. गुजरातच्या शेवटच्या माणसानं मारलेला बॉल शॉर्ट लेगवाल्याच्या हेल्मेटवर आपटून स्लिपमध्ये उडाला आणि झेल झाला. हेल्मेट नसतं तर फोर होता. दोन्ही सामने ड्रॉ. एकही न जिंकता केरळ पहिल्यांदा फायनलला आलं आणि तिकडे जल्लोष झाला. तो खोटा होता का?

तुमची व्याख्या क्रिकेटलाच पुरत नाही बघा.

कांगा लीगवाला

आघाडी म्हणजे नियमात लिहिलेला विजय, भाऊ. दोन्ही संघांना पहिल्या दिवसापासून माहीत असतो. मी 'नैतिक विजय' नावाच्या प्रकाराच्या विरोधात आहे. हेल्मेटच्या नाही.

बूथप्रमुख

नैतिक विजय म्हणजे डीजेवाल्याचा अ‍ॅडव्हान्स बुडाला.

पक्ष सांगत नाही, पण २० वर्षं मतमोजणीला बसतोय. एका हॉलमध्ये १४ टेबलं, मध्ये जाळी, जाळीपलीकडे मशीन. मोबाइल बाहेर जमा. कागदावर फेरीगणिक आकडे लिहायचे, बेरीज करायची, पुन्हा करायची. पहाटे पाचला घरून निघालेला माणूस दुपारी दोनपर्यंत एका वडापाववर. तिथे बसून बघा म्हणजे कळेल मोठा विजय काय असतो. रिटर्निंग ऑफिसरच्या सहीचं सर्टिफिकेट कोणाच्या हातात, बस.

२०२४ ची वायव्य मुंबई लोकसभा आठवा. मशीनमधल्या मतांत कीर्तिकर १ मतानं पुढे. पोस्टल मतं मिळवल्यावर वायकर ४८ नं पुढे. दोघांनाही साडेचार लाखांच्या वर मतं. मी कुठल्या बाजूचा ते सोडा, हे ४८ मतांनी आलेले आणि चार-चार लाखांनी आलेले एकाच सभागृहात बसतात, एकच पगार घेतात, बटण दाबलं की एकच मत मोजलं जातं. आणि एका मताची किंमत विचारायची असेल तर १७ एप्रिल १९९९ काढा. २६९ विरुद्ध २७०, वाजपेयींचं सरकार गेलं.

काकांच्या फूटपट्टीचा त्रास असा की ती लावायला ५० वर्षं थांबावं लागतं. आम्हाला संध्याकाळी गुलाल लागतो.

कातरणवाला

बूथप्रमुख, गुलालावरून आठवलं. ४ जून २०२४: महाविकास आघाडी ४८ पैकी ३०, 'दणदणीत'. २३ नोव्हेंबर २०२४: महायुती २८८ पैकी २३०, 'दणदणीत'. विशेषण तेच, राज्य तेच, मधे साडेपाच महिने. मी तोवर निवृत्त झालो होतो, नाहीतर दोन्ही मथळे मीच दिले असते.

उलट माझ्या बाजूचा पुरावा १९६७ चा. दक्षिण मुंबईत स. का. पाटील पडले. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणवले जायचे. जॉर्ज फर्नांडिसनी पाडलं. लीड किती ते आज कोणाला आठवत नाही. स. का. पाटील पडू शकतात, हे मुंबईला कळलं आणि त्यानंतर इथे कोणीही 'मला कोण पाडणार' म्हणायला कचरू लागला. हा मोठा विजय.

बूथप्रमुख

कचरू लागला? काका, तुम्ही आमच्या नगरसेवकाला भेटलेले दिसत नाही.

काळा कोट

मी वकील आहे, सिव्हिल साइडला. धाग्यात कायदा आला म्हणून लिहितेय.

आधी एक दुरुस्ती. कूपर खटला वाया गेला असं धागाकर्त्यांनी सुचवलंय, ते बरोबर नाही. बँका परत मिळाल्या नाहीत हे खरं. पण नव्या कायद्यात कोणत्या बँकेला किती भरपाई, ते रकमेसकट लिहावं लागलं. आणि मूलभूत हक्क एकेकटे सुटे वाचायचे नाहीत, कायद्याचा परिणाम काय होतो ते बघायचं, हे त्या निकालानं सांगितलं. १९७८ चा मनेका गांधी निकाल त्याच पायावर उभा आहे. म्हणजे तुमच्याच फूटपट्टीनं कूपर मोठा ठरतो. फक्त फूटपट्टी चार दिवसांवर न थांबवता आठ वर्षं पुढे न्यायला हवी होती.

आता मूळ विरोध. 'हरलेल्याला काय बदलावं लागलं' हा प्रश्न घटनापीठासमोर शोभतो. आमच्याकडे येणारा माणूस विचारतो, मला काय मिळालं?

माझ्या मावशीची गिरगावात तिसऱ्या मजल्यावर एक खोली. नात्यातल्याच एकाला 'तुझी सोय होईपर्यंत' म्हणून दिलेली. सोय काही होईना. दावा १९९१ चा. २००६ ला तिच्या बाजूनं हुकूमनामा झाला. त्या दिवशी तिनं कोर्टाच्या पायऱ्यांवर शिरस्तेदारापासून शेजारच्या पक्षकारापर्यंत सगळ्यांना पेढे दिले. समोरच्याच्या वकिलालाही दिला, त्यानं खाल्लाही. मग अपील, स्टे. अपील फेटाळायला २०१३. मग ताब्यासाठी दरखास्त. दरखास्तीत बेलिफ गेला तर आतून तिसराच माणूस बाहेर आला, म्हणे मी इथला स्वतंत्र कब्जेदार. याला आमच्या भाषेत ऑब्स्ट्रक्शनिस्ट म्हणतात, आणि त्याचा निकाल लावायचा म्हणजे दाव्याच्या पोटात दुसरा दावा. प्रत्यक्ष ताबा २०१८. कुलूप तोडलं, पंचनामा झाला, आत एक मोडका पाट आणि २००९ चं कॅलेंडर. मावशी तेव्हा ८१ ची. तिला तीन जिने चढवेनात. खाली टॅक्सीत बसून होती. मी वरून फोनवर फोटो पाठवला तर म्हणाली, "खिडकी हिरवी होती ना गं? ही निळी कशी?"

सांगा, विजय कुठल्या तारखेला झाला? प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात.

मावळा_७७

गड आला पण सिंह गेला.

सावध वाचक

हे कोणीतरी लिहिणार याची खात्रीच होती. मावशी गेलेल्या नाहीत हो, टॅक्सीत बसल्यात.

परळची लेक

कातरणवाले काका, तुमची फूटपट्टी मी घेते आणि तुम्हालाच लावून दाखवते.

'हरलेल्याला चाल बदलावी लागली तो मोठा विजय.' बरं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. माझे बाबा साचेखात्यात होते. आई आमच्याच खोलीत खानावळ चालवायची, २२ मेंबर. डब्यांवर तेलरंगानं नंबर घातलेले. संपाच्या चौथ्या महिन्यात मेंबर गावी जायला लागले, कोणी रत्नागिरीला, कोणी साताऱ्याला. 'संप मिटला की येतो वहिनी, डबा ठेवा.' आईनं डबे ठेवले. ९ नंबरमध्ये आम्ही कितीतरी वर्षं चहापत्ती ठेवायचो.

हरलेल्यांना काय बदलावं लागलं? सगळं. धंदा, घर, गाव, मुलांची शाळा. आणि मग जमीन. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जागेचे तीन वाटे ठरले होते: महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ ला एक दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००५ ला हायकोर्टानं त्याविरुद्ध निकाल दिला तेव्हा आमच्या चाळीत फटाके वाजले. पाच महिन्यांत, मार्च २००६ ला, सुप्रीम कोर्टानं तो फिरवला.

म्हणजे तुमच्या व्याख्येनं गेल्या ५० वर्षांतला मुंबईतला सगळ्यात मोठा विजय गिरणीमालकांचा. दिला होता का तुम्ही तसा मथळा? नाही. तुम्ही लिहिलं असणार 'संप चिघळला', 'संप लांबला'. विजय फक्त आपल्या आवडत्या बाजूचा मोजायचा आणि त्याला फूटपट्टी म्हणायचं, हे काही पटत नाही.

आणि संयुक्त महाराष्ट्राचं. शंभरावर माणसं गेली, मुंबई मिळाली, मान्य. बेळगाव, निपाणी, कारवार? २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात अजून पडून आहे. बेळगावातल्या माणसाला १ मे १९६० हा मोठा विजय होता का, हे त्यालाच विचारा.

कातरणवाला

परळची लेक, यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. मथळ्यांचं तुम्ही म्हणता तसंच होतं. 'चिघळला' मी स्वतः कित्येकदा वापरलाय, त्यात कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही, जखमेसारखं आपोआप होतं असं वाटतं.

फूटपट्टी मात्र मी टाकत नाही. मोठा आणि चांगला हे दोन वेगळे शब्द आहेत. मालकांचा विजय मोठाच होता, आणि तो तसा छापला नाही ही आमची चूक, फूटपट्टीची नव्हे. बेळगावबद्दल वाद घालत नाही.

नेरूळ स्लो

मी इथली बहुतेक सगळ्यात लहान आयडी. १९७१, १९५७, १९८२ वाचून आजोबांच्या कट्ट्यावर आल्यासारखं वाटलं.

३० ऑक्टोबर २०२५ ला मी डी. वाय. पाटीलला होते. सेमीफायनल, ऑस्ट्रेलिया ३३८. बायकांच्या वनडेत एवढा पाठलाग तोवर कोणी केलेला नव्हता. वांद्र्याची जेमिमा १२७ नाबाद, ३४१ वर पाच. तीन दिवसांनी फायनलला पुन्हा गेले. पाऊस, उशीर, मध्यरात्र, दक्षिण आफ्रिका २४६ वर आउट, ५२ धावांनी वर्ल्ड कप. कप फायनलला मिळाला, पण मला विचाराल तर जिंकलो आम्ही सेमीला.

आणि हरलेल्याचं काय बदललं हे मी बघतच नाही. मी कोच अमोल मुझुमदारकडे बघत होते. १९८८ ला आझाद मैदानाच्या त्या मॅचमध्ये तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची भागीदारी चालू असताना पुढचा नंबर याचा, दिवसभर पॅड बांधून बसला आणि बॅटिंग आलीच नाही. भारताकडूनही कधी खेळला नाही. जिंकलेल्याची ३७ वर्षांची वाट संपली, हे माप का नाही लावायचं?

कांगा लीगवाला

पोरी, मॅचचं वर्णन फर्स्ट क्लास. पण मुझुमदारला 'वाट बघत बसलेला' करू नकोस. रणजी पदार्पणात २६० मारलेत त्यानं, फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर धावा, मुंबईला कॅप्टन म्हणून रणजी जिंकून दिली. त्याला भारताची कॅप मिळाली नाही हा निवडसमितीचा हिशेब. तो मैदानात जिंकतच होता.

सेमी की फायनल, यावर मात्र कप ज्या दिवशी हातात आला तोच दिवस. नाहीतर पुन्हा काकांच्या किंग्स्टनला जाऊन पोचू.

काळा कोट

धागाकर्त्यांना शेवटचा एक प्रश्न.

हायकोर्टात सेंट्रल कोर्टाबाहेर टिळकांच्या शब्दांची पाटी आहे. १९०८ चा राजद्रोहाचा खटला. ज्युरी ७ विरुद्ध २, सहा वर्षं मंडालेला. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पाटी लागली १९५६ ला. रोज तिच्यासमोरून जाताना वाटतं, हरलेल्याचे शब्द भिंतीवर आणि जिंकलेल्यांचं नाव शोधावं लागतं. इथे मी तुमच्या बाजूची.

पण ओल्गा टेलिस घ्या. १९८१ ला ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्यांना हाकलायला सुरुवात झाली, त्याविरुद्धची याचिका. १० जुलै १९८५, पाच न्यायाधीश, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालानं सांगितलं. लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात, परदेशातली कोर्टंही त्याचा दाखला देतात. मोठा विजय, नाही का? आणि त्याच निकालात महापालिकेचं हटवण्याचं कलम वैध ठरलं. ३१ ऑक्टोबरपर्यंत हटवू नका, एवढाच दिलासा. म्हणजे पाऊस थांबेपर्यंत.

तुम्ही ८५ ला डेस्कवर असाल. काय मथळा दिला होता?

कातरणवाला

होतो. नोकरीचं पहिलं वर्ष, त्यामुळे मथळा माझा नव्हता, पण वाचून दाखवायचं काम माझं होतं. कातरण समोर आहे. 'फुटपाथवासीयांना हटवण्याचा मार्ग मोकळा', तीन कॉलम. खाली लहान टायपात 'ऑक्टोबरअखेर मुदत'. उपजीविकेचा हक्क बातमीच्या सहाव्या परिच्छेदात, तोही बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत कापला गेला होता.

बरीच वर्षं मी नव्या मुलांना हे कातरण दाखवायचो. बघा, बातमी कशी हुकते. घटनेचा अर्थ बदलला आणि आपण महापालिकेची नोटीस छापली.

आमच्या कचेरीच्या वळणावर फुटपाथवर एक बाई राहायची. नवरा हातगाडी ओढायचा, ती स्टोव्हवर चहा करायची. रात्रपाळीत आम्ही तिच्याकडेच. निकालाच्या रात्री मी तिला सांगितलं, मोठ्या कोर्टाचा निकाल लागला. तिनं विचारलं, "कधीपर्यंत?" मी म्हटलं, दिवाळीच्या आसपासपर्यंत. तिनं मान हलवली आणि ग्लास विसळायला घेतले. नोव्हेंबरात त्या जागी कुंड्या होत्या.

तेव्हा वकीलबाई, मथळा चुकला होता असं आता ठामपणे म्हणवत नाही. किंग्स्टन मात्र मी सोडणार नाही, लीगवाल्यांनी कितीही फराळ म्हटलं तरी.

बूथप्रमुख

काका, टाका ते कातरण इथे स्कॅन करून. आणि तुमच्या त्या ३१-२९ वाल्या सेक्रेटरींचं काय झालं?

कातरणवाला

काल नव्या कमिटीची पहिली मीटिंग झाली. एरवी दहा-बारा डोकी असतात, त्यातली चार झोपलेली. काल हरलेल्या बाजूचे २९ च्या २९ आले, प्रत्येकाच्या हातात गेल्या वर्षीचा हिशेब. बी विंगमधून खुर्च्या आणाव्या लागल्या.